गार्गीने स्वतः मागितल्यास

मी, पद्मावती गोकुळदास मळीक, वय सदुसष्ट, राहणार लाटंबार्से, तालुका डिचोली, गोवा, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाशिवाय लिहिते. अक्षर हलते आहे, त्याचे कारण आजारपण नाही. आज सकाळी मी कान टोचून आले आणि अजून आनंद आवरत नाही!

घर आणि काजूची बाग: कायद्याने निम्मा वाटा माझा मुलगा गौरेश याचा आहेच. माझ्या मर्जीतला निम्मा मी सून हर्षा हिला देते. का, ते सांगते.

माझे कान बारशालाच टोचले. आईने हौसेने टोचले, तिला मी बोल लावत नाही. पाचेक वर्षांची असताना काजूवरून उडी मारली, डूल फांदीत अडकला आणि उजवी पाळी फाटली. तेव्हापासून कानावर पदर. लग्नात नणंद विमला हिने माझी कुडी दोऱ्याने कानाला बांधली आणि मांडवभर ऐकू जाईल असे म्हणाली, "फाटक्या कानाची वयनी आणली गे आम्ही!" म्हणून फाटका कान लपवायला मान वळवून काढलेला माझा लग्नातला मोठा फोटो विमलेला द्यावा. तिने तो भिंतीवर लावावा.

हर्षाने मला म्हापशाला नेऊन पाळी शिवून घेतली. जखम भरली, आणि आज डॉक्टरीणबाई सुई घेऊन म्हणाल्या, "आजी, टोचू ना?"

माझ्या कानाचे मला आजवर कुणी विचारलेच नव्हते! मी मुद्दाम म्हटले, "थांबा." त्या खरेच थांबल्या! मग म्हटले, "आता टोचा." दुखले. चांगली ओरडले. बाहेर आल्यावर हर्षा आणि मी वेड्यासारख्या हसत सुटलो.

आता माझ्या मोत्यांच्या कुड्या. मी आहे तोवर त्या मीच घालणार, भाजी आणायला जातानासुद्धा. माझ्यामागे त्या नात गार्गी हिच्या. ती अजून पाळण्यात आहे. गौरेशने तिचे कान टोचायला येत्या आयतवारी सोनाराला बोलावले आहे, हर्षा नको म्हणते, दोघे बोलत नाहीत.

विमला म्हणते, "ल्हानपणी टोचले की आठवत नाही गे." आठवत नाही म्हणून चालते, तर झोपलेल्या माणसाचेही टोचावेत! गौरेश म्हणतो, "लस देताना तरी तिला विचारतो का?" लस तिच्या जिवासाठी, बाबा. डूल आपल्या डोळ्यांसाठी.

तरी कुड्या हर्षाने सांभाळाव्यात आणि गार्गीने स्वतः मागितल्यासच द्याव्यात. चवथीच्या सणाला, लग्नाकार्यात कुणी तिच्या मागे लागू नये. तिने त्या विकून स्कूटर घेतली आणि हरमलच्या किनाऱ्यावर भटकली, तरी माझा आशीर्वाद.

इथवर लिहून गौरेशला वाचून दाखवले.

"आई, आणि तिने कधीच मागितल्या नाहीत तर?"

"तर नाही."

तो उठून बाहेर सोप्यावर गेला. फोनवरचे त्याचे बोलणे मला आत ऐकू आले: "आयतवारी येऊ नका. नाही, मुहूर्त नाही बदलला. टोचायचे की नाही ते पोर मोठी झाली की तीच सांगेल."

हे त्याचे शब्द मी इथे मुद्दाम नोंदवते, म्हणजे त्याला ते फिरवता येणार नाहीत. नोटरीपुढेही हे असेच वाचले जावे.

सही: पद्मावती गोकुळदास मळीक

साक्षीदार, दोघेही शेजारी:
१. यशवंत गावस
२. कृष्णनाथ परब

लाटंबार्से, ५ मार्च २०२५