शंभर ग्रॅममागे

सुपा,
शुक्रवार

प्रिय वहिनी,

फोन करायचा सोडून पत्र कशाला लिहीत बसलीय ही, असं तुला वाटेल. दादाचा फोन ऊसतोडीच्या टोळीत सगळ्यांसमोर स्पीकरवर असतो, आणि मला जे सांगायचंय ते आधी तुलाच सांगायचंय. सूर्यभानमामा उद्या जीपनं तुमच्या फडाकडे निघालेत, त्यांच्या हाती पाकीट देते. सोमवारी तू संस्कृतीला कायमची तिकडे न्यायला येणार आहेस, त्याआधी हे तुझ्या हातात पडायला हवं. एकटी असशील तेव्हाच वाच.

आधी लेकीचं सांगते, नाहीतर बाकीचं तू वाचणारच नाहीस. ती बरी आहे. सूज उतरली, चेहऱ्यावरचीही आणि पायांवरचीही. काल वाटीभर खिचडी खाल्ली आणि कॉटवर उभी राहून शेजारच्या बाळाचं टोपडं ओढत होती. पण तिला बघून तू घाबरशील. ती वाळलेली दिसेल. नगरच्या दवाखान्यात आणली तेव्हा नऊ किलो शंभर भरली होती, आता आठ किलो तीनशे आहे. मी तर डॉक्टरीणबाईंशी भांडायलाच उठले, म्हटलं, उपचार करताय की पोरीला उपास घडवताय. त्या शांतपणे म्हणाल्या, गेलं ते अंगातलं पाणी होतं, तिचं खरं वजन हे आहे, आता इथून वाढेल. त्यांच्यावर विश्वास ठेव. मी ठेवलाय.

दसऱ्यानंतर तुम्ही निघालात तेव्हा तुझा पाय निघत नव्हता. गेल्या साली ती फडात ट्रॉलीच्या चाकामागे झोपलेली सापडली होती, म्हणून यंदा ती आईजवळ राहणार असं ठरलं, तरी तू ट्रकच्या फळीला धरून उभीच. मीच तुला म्हणाले, जा गं, आई आहे, आणि मी सुप्याहून येत-जात राहीन, आत्या कशाला असते? तू माझ्या भरवशावर चढलीस. हे मला रोज आठवतं.

त्या गोळ्या घरी मीच नेल्या, हे तुला दादानं सांगितलं असेल. कंपनीत आम्ही पांढऱ्या चॉकलेटच्या गोळ्या पाकिटात भरतो. पट्ट्यावरून पाकिटं येतात आणि त्यांवरची छपाई नीट उठलीय का हे बघणं माझं काम. तारीख, बॅच नंबर, मागची पोषणाची चौकट. आकार बिघडलेल्या गोळ्या दिवाळीला कामगारांना वाटतात. मी चांगली मोठी पिशवी भरून नेली आणि पुढेही मिळतील तशा पाठवत राहिले. संस्कृतीला त्या फार आवडल्या. आईनं एक दिवस गोळी कोमट पाण्यात कालवून दिली. पाणी पांढरंशुभ्र झालं, अगदी दुधासारखं, आणि एरवी दुधाला नाक मुरडणारी पोरगी गटागटा प्यायली. मग सकाळी दोन, संध्याकाळी दोन, असं रोजचंच झालं. बनुबाईकडचा दुधाचा रतीब बंद झाला. गोडानं पोरीची भूक मेली. डाळ थुंकायची, अंगणवाडीतलं अंडं तोंडात धरून बसायची. आईला त्याचं काही वाटलं नाही, कारण "दूध" तर पोटात जात होतं.

संक्रांतीच्या सुमारास तिचे गाल भरले. आईनं शेजारच्या पोरीकडून फोटो काढून मला पाठवला आणि फोनवर म्हणाली, "बग, लेकरू कसं अंगानं भरलंय." तो तुलाही पाठवला होता. तू रडत रडत हसलीस आणि आईला म्हणालीस, तुमच्यासारखं मलाही सांभाळता आलं नसतं. मी तो फोटो माझ्या मोबाईलवर लावून पट्ट्यावरच्या सगळ्या पोरींना दाखवला. वहिनी, आपण सगळे त्या सुजेवर खूश होतो.

ओळखलं ते अंगणवाडीच्या मालनताईंनी. वजन बरं भरलं, पण दंडाला पट्टी लावली तर ती लाल रंगावर, म्हणजे कुपोषणाच्या खुणेवर, आली. त्यांना शंका आली. त्यांनी पायावर अंगठा दाबला आणि काढला, तर खळगा तसाच राहिला. त्या आईला म्हणाल्या, "राहीबाई, ही भरली न्हाई, ही सुजली हाय. आजच्या आज नगरला न्या." त्या स्वतः आईबरोबर एसटीत बसल्या. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

मुकादमानं एकालाच सोडलं म्हणून दादा आला. तो पोचला त्याच दिवशी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, हिला काय काय देत होता? आईनं पदर सावरला आणि सांगितलं, "गोळी पान्यात कालवून द्यायचे. मीच दिली. मला अडानीला काय कळतंय त्यातलं." दादा सगळ्या वॉर्डासमोर तिला म्हणाला, "एक पोर सांभाळता आलं न्हाई तुला. हितून पुढं तिला तुज्याकडं ठेवायचं न्हाई." तो परत गेला, त्यानंतर त्यानं आईला फोन केलेला नाही. तूही नाही. तुझा दोष नाही, तुला जेवढं कळलं त्यावर तू रागावलीस.

आता ऐक. आईनं मला विचारलं होतं. दिवाळीनंतर लगेच फोन करून विचारलं होतं, "राजू, ह्यात दूध हाय ना गं? रतीब बंद करू का?" आणि मी मोठ्या तोऱ्यात पाकिटाच्या मागची चौकट तिला वाचून दाखवली. प्रथिनं पाच ग्रॅम. दुधाच्या पिशवीवर तीन असतात. म्हटलं, आई, दुधापेक्षा जास्त ताकद आहे, खुशाल दे. ते पाच ग्रॅम शंभर ग्रॅममागे असतात, वहिनी. चौकटीच्या वरच तसं छापलेलं असतं, आणि ती ओळ पुसट उठली तर मी अख्खा माल बाजूला काढायला लावते. एक गोळी दहा ग्रॅमची. म्हणजे अर्धा ग्रॅम. पेलाभर दुधाची बरोबरी करायला बारा-तेरा गोळ्या लागल्या असत्या. बाकी सगळी साखर आणि चरबी. बारावी सायन्स झालेली मी, आणि अडाणी ती. डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा मी तिथेच उभी होते. आईनं एकदा माझ्याकडे बघितलं आणि सगळं स्वतःवर घेतलं, आणि मी घेऊ दिलं. दादाला मी रविवारी फोन करून सांगणार आहे, पण तुला आधी कळायला हवं होतं. मला काय बोलायचं ते बोल, मी ऐकून घेईन. संस्कृतीला कुठे ठेवायचं ते तू ठरव, मी मध्ये पडणार नाही. फक्त एक कर. त्या दिवसापासून आई पोरीला हात लावत नाही. भरवायची वेळ झाली की सिस्टरना हाक मारते आणि स्वतः दाराशी जाऊन बसते. पोरगी "आज्जी, आज्जी" करते, तरी उठत नाही. सोमवारी आलीस की लेकीला कडेवर घे, डोळे भरून बघ, आणि मग आईच्या मांडीवर दे. मी दिली तर ती घेणार नाही.

तुझीच,
राजेश्वरी