गाडीपुढचं गाऱ्हाणं

बाबा, आज सकाळी भंगारवाला आपली गाडी घेऊन गेला. शेडमध्ये आता तेलाचा काळा डाग आणि चार चिरे उरलेत, ज्यांच्यावर ती इतकी वर्षं बसून होती. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. तुम्हाला सांगायची एकच गोष्ट होती आणि तेवढी सोडून मी तुमच्याशी सगळं बोलले. आता गाडीच गेली, तर निदान लिहून तरी बघते.

ती आपल्याकडे आली तीच अर्धं आयुष्य दुसऱ्याच्या दारात काढून. तुम्ही शाळेत गणित शिकवायचात, पण रविवारी सकाळी तुमचं डोकं बॉनेटखाली असायचं आणि मी पान्यांचा डबा धरून शेजारी उभी. ''चेडवा, धा-अकराचो पानो दी.'' तुमचं वाक्य संपायच्या आत पाना तुमच्या हातात असायचा आणि मला जग जिंकल्यासारखं वाटायचं. गाडीला वेळकाळाचं भान नव्हतं. लग्नाला निघालो की ती बसायची, परीक्षेला निघालो की ती हमखास बसायची. एकदा जत्रेला जाताना भर रस्त्यात तीन तास अडकलो. तुम्ही प्लग पुसलेत, कार्बोरेटर उघडलात, पेट्रोलची नळी फुंकून तोंड वाकडं केलंत. शेवटी चोर सापडला तो डिस्ट्रिब्युटरच्या टोपीखाली. प्लगपर्यंत ठिणगी पोचवणारा सुपारीएवढा रोटर, त्याला केसाएवढी चीर गेली होती. तुम्ही तो माझ्या तळहातावर ठेवलात. ''ह्यो बघ चोर. दिसता बरो, पण ठिणगी वाटेतच खाता. ठावक नसलेल्या माणसाक ह्यो कधी सापडाचो नाय.'' नवा रोटर आणलात, पण चोरालाही फेकलं नाहीत. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, कापडात गुंडाळून ठेवलात.

आणि दुरुस्ती झाली की बॉनेटवर नारळ. मला त्याची फार लाज वाटायची. लोक देवळात गाऱ्हाणं घालतात, तुम्ही अंगणात, ग्रीसच्या हातांनी, गाडीपुढे उभे राहून घालायचात. ''बा देवा म्हाराजा, ही आमची म्हातारी आज परत उभी रवली. तिका वाटेत बसवू नको रे म्हाराजा!'' आणि मागे उभी असलेली आई आणि मी म्हणायचो, ''व्हय म्हाराजा!'' गडग्यापलीकडून शेजारी हसायचे. आई गेल्यावर मागे मी एकटीच उरले. कॉलेजात जायला लागल्यावर मी हे दोन शब्द पुटपुटायला लागले, तेव्हा तुम्ही मान वळवून म्हणालात, ''गो, देव बहिरो नाय, पण माका आयकाक येवक होया.''

मग तुम्ही निवृत्त झालात, मला कुडाळला ऑफिसात नोकरी लागली, आणि गाडीला एकच काम उरलं. दर रविवारी तोंडवलीला आतेकडे. दोघं म्हातारी भावंडं समुद्राकडे तोंड करून ओट्यावर बसायची आणि फारसं बोलायचीही नाहीत. आते म्हणायची, ''वळणावर तुझ्या गाडीचो आवाज इलो काय मी च्यायचा आधण ठेवतंय.'' पण दर दोन-तीन रविवारी गाडी वाटेत बसायची आणि माझा फोन वाजायचा. मग गाडी ओढून आणायची व्यवस्था मी करायची, सोमवारची रजा मी टाकायची, साहेबांचं तोंड मी बघायचं. ''विकून टाका,'' मी म्हणायचे. तुम्ही म्हणायचात, ''म्हातारी झाली म्हणान काय टाकून देवची?'' एका रविवारी ती कोळंबच्या पुलावर मधोमध बंद पडली. मी पोचले तेव्हा मागे वाहनांची रांग, हॉर्न, आणि तुम्ही उन्हात घामाघूम होऊन प्लग पुसताय. डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आलेला. मला बघून तुम्ही हसलात. त्या हसण्याचा मला भयंकर राग आला.

पुढच्या शनिवारी दुपारी तुम्ही झोपला होतात. सकाळीच तुम्ही कार्बोरेटर साफ केला होता. मी शेडमध्ये गेले, डिस्ट्रिब्युटरची टोपी काढली, आतला चांगला रोटर काढून घेतला आणि डब्यातला चोर त्या जागी बसवला. दोन मिनिटांचं काम. तुम्हीच शिकवलेलं. लोकांना मी सांगत आले की मला तुमची काळजी वाटत होती. काळजी होती हे खोटं नाही. पण काळजीपेक्षा कंटाळा मोठा होता, बाबा.

रविवारी गाडी चालू झाली नाही. तुम्ही टोपी उघडून रोटर पाहिलातही, बोटानं पुसलात, ''ह्यो नवोच आसा'' म्हणत परत बसवलात. ती चीर तुमच्या डोळ्यांना दिसली नाही. मी पान्यांचा डबा धरून शेजारीच उभी होते. मिस्त्रीला बोलवू म्हटलं तर ऐकेनात. ''माझ्या हातान बिघडली, माझ्याच हातान सुधारतली. काल कार्बोरेटर मीच उघडलंलो.'' आठ दिवस तुम्ही खपलात. नवव्या दिवशी दुरुस्ती न होताच बॉनेटवर नारळ ठेवलात. तसं यापूर्वी कधीच झालं नव्हतं. ''बा देवा म्हाराजा, माझो हात आता पयल्यासारखो रवलो नाय. माझ्या हातान काय चुकला आसात तर ता पोटात घाल रे म्हाराजा.''

आणि तुम्ही थांबलात. गाऱ्हाण्यात थांबायचं असतं तिथे.

मी म्हटलं, ''व्हय म्हाराजा.''

त्यानंतर तुम्ही पाना हातात घेतला नाहीत. घरातला नळ गळला तरी म्हणायचात, ''कोणाकतरी बोलव, माझो हात चुकता.'' तोंडवलीला दोनदा एसटीनं गेलात, पण गुडघ्यांना स्टँडपासूनची चाल झेपेना. मी रोज ठरवायचे की उद्या रोटर बदलते, आणि तुम्ही घरी सुरक्षित आहात या आरामात माझा दिवस जायचा. आतेचा फोन यायचा, ''भावाक घेवन ये गो एकदा, आयतवार सुनो सुनो वाटता.'' येते म्हणायचे मी. चार महिने असेच गेले, आते गेली, आणि मग मी तुम्हाला घेऊन गेले ती रिक्षानं, तिला पोचवायला. तिच्या ओट्यावर बसून तुम्ही मला एवढंच म्हणालात, ''माझी गाडी बरी आसती तर.'' दोन वर्षांनी तुम्हीही गेलात, तीच खंत घेऊन.

आज भंगारवाल्याचा टेम्पो यायच्या आधी मी टोपी उघडली. अंगावर गंज पडला. चोर काढला आणि इतकी वर्षं कपाटात लपवलेला चांगला रोटर जागच्या जागी बसवला. गाडी चालू होणार नव्हती, हे मला माहीत होतं. मग बॉनेटवर नारळ ठेवला, चपला काढल्या आणि मोठ्यानं म्हटलं, ''बा देवा म्हाराजा, बाबांचो हात चुकलो नव्हतो. माझ्या हातान चुकला रे म्हाराजा.'' आणि सवयीनं थांबले. मागून कोणी काहीच म्हटलं नाही.

हे पत्र घडी करून मी बिस्किटांच्या डब्यात ठेवणार आहे, चोराशेजारी. एक मात्र अजून लिहायचं राहिलं. त्या दिवशी तुमच्या मागे उभी राहून मी ते दोन शब्द पुटपुटले नव्हते, बाबा. तुम्हाला ऐकू जातील असे म्हटले होते.