दुसरी बादली

प्रिय दादा,

तो सिनेमा परत आला आहे. म्हाताऱ्या घोडेस्वार बंदूकवाल्याचा, जो आमच्या टॉकीजमध्ये आठवडाही टिकला नव्हता. काल पेटी उघडून चौथं रीळ हातात घेतलं आणि डोळ्यांआधी बोटांनाच कळलं. तीच प्रिंट! अकरा वर्षांपूर्वी फिल्मला मारलेला माझा जोड अजून पक्का आहे. एरवी मी चार लोकांना बोलावून दाखवला असता. आज तुला लिहायला बसलो, तू गेल्याला आठ महिने झाल्यावर.

मॅटिनीला तो जोड मशीनमधून जाताना टक्क आवाज होतो. त्यानंतर मला केबिनच्या झरोक्यातून खाली पाहवत नाही. पंख्याखालची तुझी खुर्ची रिकामी आहे, हे माहीत असूनसुद्धा.

त्या शुक्रवारी पहिला खेळ पाहून तू जिना चढून वर आला होतास. हातमागावरून थेट आलेला, सदऱ्याला सुताचे तुकडे चिकटलेले. इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, पण सिनेमा तुझ्याइतका कुणाला कळला? म्हातारा विहिरीवर थांबतो, घोड्याला पाणी पाजतो. मग दुसरी बादली शेंदून रस्त्यात ठेवतो, त्याच्याच जिवावर उठून मागून येणाऱ्या माणसाच्या घोड्यासाठी. संवाद नाही, संगीत नाही. नुसती रहाटाची कुरकुर.

"शेवटी तो मागून येणारा बंदूक खाली करते नं गा, ते त्या बादलीपायी," तू म्हणालास.

बाकी पब्लिक शिट्ट्या मारत होतं. शनिवारी मॅनेजरचा निरोप आला, सिनेमा लांबतो, कुठेतरी काप. कुठे, ते त्याने सांगितलं नव्हतं. ते मी ठरवलं, दादा. दोनशे दहा फूट. दोन मिनिटं वीस सेकंद. एका घोड्याची मान वर होते तिथून थेट दुसऱ्या घोड्याची मान. असा बेमालूम जोड मला कुणी शिकवला नव्हता. माझं मीच शिकलो होतो, आणि त्याचीच मला घमेंड होती.

रविवारी तू वहिनीला घेऊन आलास, खास ती बादली दाखवायला. खेळ सुटल्यावर दोघं वर आलात.

"वामन, बादली कुठं गेली गा?"

"आहे नं त्यात. तुले डुलकी लागली असन."

वहिनी हसली. म्हणाली, हे तर आजकाल मागावरही पेंगतात. तू माझ्याकडे जरा वेळ पाहिलंस आणि मग तूही हसलास.

खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? दोन दिवस बोलला नसतास. पण रिळाला ओरखडा पडू देत नाही म्हणून मिरवणारा मी, कात्री मीच लावली हे वहिनीसमोर सांगवेना.

तू मात्र ते खरं मानलंस. काहून मानलंस रे? हजार धाग्यांतला तुटका धागा ओळखणारा माणूस तू! प्रत्येक काठ वहिनीकडून तपासून घ्यायला लागलास. नजर उत्तम आहे असं डॉक्टरने सांगितलं, तेही पटलं नाही. वर्षाच्या आत बारीक काठाच्या साड्या सोडून पंचे विणायला बसलास. कुणी विचारलं की म्हणायचास, "आपल्या डोळ्याचा भरोसा नाही राहिला. चालू सिनेमात झोप लागते मले." मी समोरच असायचो. चहा पीत.

कापलेला तुकडा परत जोडूनच पेटी पाठवायची, हा आमचा रिवाज. सोमवारी माझी सुट्टी होती, त्याच दिवशी सिनेमा उतरला आणि पेटी गेली. तुकडा माझ्या डब्यात राहिला. अकरा वर्षं गावोगावचे लोक तो शेवट पाहून हसले असतील. इतका चांगला सिनेमा माझ्यामुळे खुळा ठरला. आणि तूही.

दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात तू विचारलंस, त्यात विहीर तरी होती नं? मी म्हणालो, होती.

आज सकाळी तो तुकडा काढला. वाळून वेटोळा झाला आहे, पण रंग शाबूत आहे. गुरुवारपर्यंत प्रिंट इथे आहे. उद्या तो जागच्या जागी जोडीन. मशीन दुसऱ्याच्या हाती देईन आणि वहिनीला घेऊन खाली बसेन, तुझी खुर्ची मध्ये सोडून. म्हातारा बादली रस्त्यात ठेवेल तेव्हा तिला सांगेन, त्या रविवारी दादा जागा होता.

तुझा धाकटा,
वामन