डबी काढून टाकण्याबाबत

पोलादपूर, जि. कुलाबा
होळीनंतरचा सोमवार, १९६९

तीर्थस्वरूप तुळजा वन्संना बनूचा नमस्कार. सध्या वाकता येत नाही, म्हणून तो कागदावरच घ्यावा. तुमचे गुडघे, म्हैस आणि सूनबाई यांची खुशाली याच क्रमाने कळवावी.

आधी मुद्द्याचं सांगते. हृदय चालू राहावं म्हणून पोटात शिवलेली डबी काढून टाकायचं मी ठरवलं आहे. पुढच्या महिन्यात मुंबईला तपासणीला बोलावलं आहे, तेव्हाच काढून मागणार. डॉक्टर म्हणाले, डबी काढली तर हृदय पुन्हा मधेच थांबेल आणि चालू होईल की नाही सांगता येत नाही. मी म्हटलं, माझ्या नवऱ्याचंही असंच थांबलं, त्यांना कुणी विचारलं नव्हतं. त्यावर डॉक्टर काहीतरी शोधायला म्हणून बाहेर गेले ते परत आलेच नाहीत.

तुम्ही म्हणाल, महिपतनं आईसाठी एवढी धावपळ केली, परदेशातून आलेली डबी मिळवली, आणि हिला त्याचं काही नाही. आहे. लेकाचं कौतुक आहे मला. पण डबी बूटपॉलिशच्या डबीहून मोठी आहे आणि जिथे शिवली आहे बरोबर तिथेच लुगड्याची गाठ येते. (ज्या देशात ती करतात तिथल्या बायका लुगडं नेसत नसाव्यात.) गाठ वर बांधली तर श्वास कोंडतो, खाली बांधली तर लुगडं उतरतं, सैल बांधली तर दोन्ही हातांनी धरून चालावं लागतं. तुम्ही पाठवलेलं नवं लुगडं छान आहे, पण त्याला खळ एवढी आहे की ते आपलं आपणच उभं राहतं, मी आत असण्याची गरज नाही. रात्री डाव्या कुशीवर डबी टोचते, उजव्या कुशीवर लोंबते, आणि उताणी झोपले की आढ्याचे वासे दिसतात आणि तुमचे बंधू आठवतात. (वासे त्यांनीच घातले. एक वाकडा आहे.) हृदयाच्या यंत्राबद्दल मी डाळीच्या पुडीच्या कागदावर वाचलं होतं, पण ‘रोग्याने विशेष काळजी घ्यावी ती म्हणजे’ इथेच कागद फाटलेला होता.

त्यात गेल्या आठवड्यात नाक्यावर झालं ते ऐका. जखम दाखवून मी महाडहून परत येत होते. एसटी आदळली की डबी दुखते, म्हणून दोन्ही हात पोटावर घट्ट धरून बसले होते. पोलादपूरच्या नाक्यावर दारूबंदीचा जमादार गाडीत चढला. (घाटाच्या वाटेला हातभट्टीच्या दारूचे रबरी फुगे कमरेला बांधून नेतात हे तुम्हाला माहीत आहेच. कसं माहीत ते मी विचारत नाही.) त्यानं माझे हात पाहिले, तोंड पाहिलं आणि म्हणाला, “म्हातारे, उतर खाली.” चौकीत पाणी भरणाऱ्या रंगूबाईला मला चाचपायला बोलावलं. तिनं लुगड्यावरून हात फिरवला आणि ओरडली, “हाय! डबा हाय! चांगला घट्ट हाय!”

“काढून ठेव,” जमादार म्हणाला.

“मी पण तेच म्हणतेय,” मी म्हटलं, “पण डॉक्टर ऐकत नाय.”

एसटीच्या खिडकीतून एक जण म्हणाला, “दारू पोटात जाते ठाव हाय, हिची डब्यासकट गेली.” सगळी गाडी हसली. रंगूबाईनं मला दाराआड नेलं, व्रण पाहिला आणि तोंडावर हात ठेवला. “बाय गो, डबी हिच्या पोटातच शिवलीय!” तोवर एसटी निघून गेली, माझी पिशवी घेऊन.

मग जमादारानं चहा मागवला आणि खाली बघत विचारलं, दुखतं का. त्याची आई गोदूबाई मी पडायचे तशीच चक्कर येऊन पडते. डॉक्टरांनी तिलाही हीच डबी सांगितली आहे, पण मुंबईचं नाव काढलं की म्हातारी कोयता घेऊन बसते. (खरा कोयता. मी पाहिला.) चौकीमागेच त्यांची खोली. मला नेऊन तिच्यापुढे बसवलं.

“खरं सांग गो,” ती म्हणाली, “दुखतं?”

वन्सं, तिचे ओठ निळे पडले होते. तुमच्या बंधूंचे शेवटी पडले होते तसे. तेव्हा मला वाटलं होतं, जांभळं खाऊन आले असतील.

मी म्हटलं, “काय नाय दुखत. कमरेला किल्ल्या खोचल्यागत वाटतं, बस. झोप तर अशी लागते की कोंबडं ऐकू येत नाय.”

तिनं कोयता कोनाड्यात ठेवला आणि लेकाला म्हणाली, ही सोबत येत असेल तर मुंबईला येते.

बाकी सर्व ठीक. डबीबद्दलचा माझा विचार पक्का आहे, त्यावर पत्र लिहून शाई घालवू नये.

तुमची भावजय,
बनू

ता. क. विचार पक्का आहे, पण गोदूबाईच्या देखत डबी काढून मागता येणार नाही. तेव्हा तिची बसेपर्यंत माझी राहू द्यावी लागेल. नंतरही ती मला झोप कशी लागते ते बघणारच, म्हणजे तिची जखम भरेपर्यंतही.

ता. क. आणखी एक. डबीतली बॅटरी दोनेक वर्षांत संपते, मग पुन्हा पोट उघडायचं. हे मी गोदूबाईला सांगितलेलं नाही. मला मात्र डॉक्टरांनी सांगितलं आहे, तीच अडचण आहे.

ता. क. शेवटचं. गुडघे कसेही असले तरी आमच्याबरोबर मुंबईला या. गोदूबाईशी खोटं बोलायला मी आहे. माझ्याशी खोटं बोलायला कुणी नाही. तुमचे बंधू असते तर त्यांनी प्रयत्न केला असता, पण त्यांना ते कधी जमलं नाही. तुम्हाला जमतं.