लाकडी पाणबुडीतले आठ जण

८ ऑक्टोबर
स्वयंपाकाला बोलावलं आणि हातात वही दिली! म्हणे इथल्या प्रत्येकानं रोज लिहायचं, संध्याकाळी वही इथले प्रमुख थिबो साहेब यांच्या टेबलावर. चौथीत शाळा सुटली माझी. वाचा आता हे अक्षर. बाकी तक्रार नाही. न्यूफाउंडलंडहून येताना विमानात दोनदा चहा मिळाला, खोली उबदार आहे, चूल झकास. धाकटा भाऊ हेडली इथं आहे, म्हणून तर आले.

नौदलाला उत्तरेच्या बर्फाखाली राहतील अशा डिझेलच्या नव्या पाणबुड्या घ्यायच्यात. त्याआधी आत माणसं कशी राहतात ते बघायला गोदीवरच्या शेडमध्ये लाकडाची पाणबुडी ठोकलीय, खऱ्या पाणबुडीएवढी. उद्यापासून आठ जण एकवीस दिवस आत बंद. हेडली त्यातलाच. डोक्यावर बर्फ आहे असं मानायचं, म्हणजे दार उघडायचंच नाही. जेवण मी खिडकीतून द्यायचं, कारण आतला ओटा सुतारानं अजून केलेलाच नाही. वा रे कारभार!

१२ ऑक्टोबर
खारा कॉड मासा आणि बटाटे दिले. हेडली खिडकीतून म्हणाला, "ताई, तुझ्या पावापेक्षा इथली उशी मऊ आहे गं." म्हटलं, "गप गिळ. दोघांत एक बिछाना मिळालाय तरी मस्ती जात नाही." ताटं परत आली ती ओली. बोट लावून चाखलं, समुद्राचं पाणी. कोरड्या शेडमध्ये? तसं इथं लिहिलं. साहेबांनी खाली लिहिलं: नोंद घेतली.

१७ ऑक्टोबर
हेडली म्हणतो, बर्फ छपराला घासतंय, कुणालाच झोप नाही. म्हटलं, मूर्खा, वर पत्रा आहे. हसला नाही. मग मलाही ऐकू आलं.
साहेबांकडे गेले. म्हणाले, यंत्रावर हवा उत्तम, तापमान उत्तम. आधी दार उघडलं तर चाचणी फुकट, पाणबुड्यांचा सगळा आराखडाच कोसळेल. तुमचा भाऊ आत असता तर, असं विचारलं. नोंद घेतो म्हणाले.

२१ ऑक्टोबर
जेवण तसंच परत आलं. खिडकीतून हेडलीचा हात आला, गार, सुरकुतलेला. विचारतो, ताई, तू वर आहेस की खाली?

२३ ऑक्टोबर
जेवणाची खिडकी उघडत नाही, आतून ठोकतायत. आठ माणसांचं ठोकणं नाही हे. यंत्रावर अजून उत्तम.

२४ ऑक्टोबर
कुऱ्हाडीनं फळी फोडली. आत काळं पाणी उभं — भोकातून थेंब बाहेर पडत नाही. हात घातला, खांद्यापर्यंत — कुणीतरी धरला. हेडलीचीच बोटं, लहानपणापासून ओळखते — मग सुटली —
साहेबांना ओढत आणलं. त्यांनी भोक पाहिलं. पांढरे पडले. आणि फळी ठोकायला सुतार बोलावला.
मला शेडमध्ये बंदी.

२५ ऑक्टोबर
थिबो साहेब, नोंद घेऊ नका. उत्तर द्या. तुम्ही पाहिलंय ते पाणी. तुमच्या वरच्यांना कळवलंत का? ठोकणं मंद होत चाललंय, इथवर ऐकू येतं. एकटीच्यानं दार हलत नाही, चावी तुमच्याकडे. उद्या रविवार. दुपारच्या आत मला सांगा, दार उघडताय की नाही.