दिल्लीचा कर, कौसीची कातर

२८ फेब्रु., आंधळगाव
मावशीकडे चार दिवस म्हणून आलो, थंडी संपली. आज चौकातल्या पानठेल्यावर सकाळपासून बिडीचं बंडल नाही, आगपेटी नाही. बजेटच्या दिवशी दरवर्षी असंच, माल गादीखाली. ठेलेवाला म्हणे, "उद्या ये, नव्या भावानं घे." संध्याकाळी त्याच्याच ट्रान्झिस्टरला सगळे चिकटले. मी खरं तर पवनीच्या गाडीसाठी उभा होतो, आसगावला रात्री दंडार होती, नाचगाण्याचा खेळ. अर्थमंत्री बिडीवर आले आणि तिकडं गाडी निघून गेली.
बिडीवर कर वाढला.

१ मार्च
मावशीच्या परछीत, पुढच्या पडवीत, गल्लीतल्या बाया बिड्या वळायला बसतात. ठेकेदाराचा मुनीम सांगून गेला, दिल्लीत चर्चा होऊन नक्की ठरेपर्यंत पानं आणि तंबाखू अर्धाच मिळेल. शेजारचे फागोजी तिथंच होते, बिड्या वळणाऱ्या कौसीचे वडील. म्हणाले, "तं मंग आम्ही रायपूरले जातो. इटाच्या भट्टीवर." होळीपर्यंत वाट बघतील. कर उठला तर जाणार नाहीत.
कौसी बिडीची पानं कापत होती. टेंभराच्या पानावर पत्र्याचा फर्मा ठेवते, भोवती कातर फिरवते. नजर वर नाही. मी तिथंच बसून राहिलो.
मावशी: "काहून गा, तुले आजकाल गाडी सापडत नाही का?"

५ मार्च
बायांचे हात गुंतलेले, कान मोकळे. म्हणून पेपर वाचायचं काम माझ्याकडे. नागपूरचा पेपर दुपारच्या यष्टीनं येतो, ठेलेवाल्याचा चाळून झाला की मी आणतो. आधी सिनेमाच्या जाहिराती वाचायचो. आता लोकसभा. आणीबाणीत नववी सुटली ती सुटलीच, त्यामुळे "अप्रत्यक्ष करांचा बोजा" असलं काही आलं की अडकतो.
कौसी: "थांबला काहून? मंत्री मेला का?"
दिवसभर तेच कानात.

९ मार्च
आपल्या खासदारांनी लोकसभेत बिडीवाल्या बायांचा विषय काढला. छापून आलंय, कर मागे घ्यावा अशी मागणी केली. बिड्या वळणाऱ्या यमुनाबाई सूप बाजूला ठेवून उठल्या, घरून गूळ आणला, सगळ्यांच्या हातावर ठेवला. म्हटलं, बाई, नुसतं मागितलं आहे, भेटलं नाही अजून.
"मोठ्या माणसानं भऱ्या सभेत मागतलं गा. त्याले कोन नाही म्हणन?"
आपल्या पंचायतीत तसंच असतं. आतून ठरल्याशिवाय मोठा माणूस तोंड उघडत नाही. मग मलाही खरं वाटलं. गूळ खाल्ला. फागोजींनी तर रायपूरच्या मुकादमाला निरोप धाडला, आता येत नाही म्हणून.
कौसी आज गुणगुणत होती. कोणतं गाणं ते समजलं नाही.

१० मार्च
आजच्या पेपरात मंत्र्यांच्या बाजूचा एक जण म्हणतो, देशाचा बोजा सगळ्यांनीच उचलावा. वाचलं.
"मंग गूळ?" यमुनाबाई.
"तो गेला पोटात," मावशी.

१३ मार्च
आवाजी मतदान म्हणजे काय ते विचारत होत्या. सांगितलं, सभापती विचारतात, ज्यांना पटलं त्यांनी होय म्हणा, नसेल तर नाही म्हणा. ज्यांचा आवाज मोठा ते जिंकले. लगेच मावशी सभापती. पहिला ठराव चहाचा. होय! दुसरा यमुनाबाईंचा, "ह्या भटक्याले आंधळगावातच ठेवा." सगळ्या ओरडल्या, होय!
कौसी एकटीच "नाही."
"काहून वो?"
"राहत नाही तो. ठराव करून काय फायदा?"
तंबाखूनं काळी झालेली तिची बोटं. बिडीचं टोक दुमडलं, दोरा गुंडाळला, दुसरं पान घेतलं. म्हणायचं होतं की मी रा—

१७ मार्च, करडी
काल होळी झाली. इथल्या मित्राला बैल बघायचा होता, एका दिवसाचं काम. बैल पटला नाही, दुसऱ्या गावात दुसरा बघितला. नदीपलीकडं आलो की आधी बरं वाटायचं. आता सगळीकडं ओल्या टेंभरपानाचा वास शोधत असतो. मित्र म्हणतो, "बैल पाहून राहिला का आणखी काही?"

१९ मार्च, करडी
रेडिओवर आत्ताच ऐकलं. अर्थमंत्र्यांनी चर्चेला उत्तर दिलं, बिडीवरची वाढ मागे. खरंच मागे! नदी ओलांडायला डोंगा सकाळीच मिळेल म्हणतात. झोप येणार नाही.

२० मार्च, आंधळगाव
फागोजींच्या दाराला कुलूप.
मावशी म्हणाली, काल सकाळीच गेले. निरोप मिळाल्यावर मुकादमानं त्यांची जागा दुसऱ्याला द्यायचं ठरवलं होतं. तरी शेवटचं विचारायला आला, आज चला नाही तर विसरा. होळी झाली तरी कर तसाच, म्हणून निघाले. कर उठल्याचं संध्याकाळी कळलं. तोपर्यंत तुमसर रोड स्टेशनहून गाडी सुटलेली.
"तुही वाट पाहून राहिली होती थे कौसी," मावशी म्हणाली. मग म्हणाली, "पेपरची."

२१ मार्च
पेपर आला. वाच म्हणाल्या, वाचलं. मुनीम उद्यापासून पुरी पानं देणार. यमुनाबाई हळूच "होय" म्हणाल्या, बाकी कोणी नाही. कौसी टेकायची तिथं भिंत गुळगुळीत झाली आहे.
नंतर मावशीनं कातर काढून दिली. कौसीची. "धार गेली म्हणे. भटक्या आला तं लावून ठेव म्हणाव."
बिडीवाली बाई आपली कातर कोणाच्या हाती देत नाही. मुठीचं कडं तिच्याच अंगठ्यानं घासलेलं असतं, दुसऱ्याला बसत नाही. माझा अंगठा शिरलाच नाही. भट्टीवर कातरीचं काम काय, म्हणून ठेवून गेली असेल. तसंही असेल.

२४ मार्च
लोहाराकडून धार लावून आणली. येताना पवनीची गाडी उभी होती, कंडक्टरनं हाक मारली. चढलो नाही.
पानतोडीला मे महिन्यात लोक रायपूरकडून परत येतात. मावशी म्हणते, सगळेच येत नाहीत. कातर कौसीच्या जागेवरच्या खुंटीला अडकवली. दुपारी काढून पिशवीत टाकली. तुमसर रोडच्या गाडीची वेळ विचारून आलो. आलो आणि पुन्हा खुंटीला.
मावशी: "एक काय ते ठरव ना गा!"
म्हटलं, दिल्लीलेही वेळ लागला.