ताईच्या आधी पाहिलेले परग्रहवासी

३ मे, रविवार. दुपारी ३.४०.
ताईच्या प्लास्टरखाली उशी सरकवत होतो, तेवढ्यात पिक्चर सुरू झाला. परग्रहवासीयांच्या चार भयकथा, सगळ्या कुणाच्या तरी सापडलेल्या कॅमेऱ्यातल्या. आज पहिली पाहिली. कॅमेरा फारच हलतो. मी म्हणालो, आमच्या चष्म्याच्या दुकानात आला तर या माणसाचा नंबर काढून देईन. ताई पोट धरून हसली. पाय मोडल्यापासून ती फक्त रविवारीच केस विंचरून बसते. तिची अट: दर रविवारी एकच गोष्ट, आणि एकट्याने पुढे बघायचं नाही. शब्द दिला. शब्दाचा मी पक्का आहे.

४ मे, सोमवार.
दुकान बंद. दुसरी गोष्ट पाहिली. फक्त तपासणी म्हणून. अंथरुणावरच्या माणसाला काहीही दाखवून चालत नाही. याला शब्द मोडणं म्हणत नाहीत.

५ मे, मंगळवार.
ताईने विचारलं, दुसऱ्या गोष्टीत काय असेल रे? मी तांब्या उचलला. पाणी प्यायलो.

१० मे, रविवार.
दुसरी गोष्ट. तो प्राणी वॉशिंग मशीनमधून बाहेर येतो. तो यायच्या जरा आधी मी ताईच्या हातातला कप काढून घेतला. चहा कढत होता, अंगावर सांडला असता. ताई पडदा सोडून माझ्याकडेच बघत राहिली. म्हणाली, तुला कसं कळलं? मी म्हणालो, अंदाज. दाजी म्हणाले, एवढा अंदाज असता तर दहावी तरी सुटली असती.

११ मे, सोमवार.
तिसरी पाहिली. कप कधी काढायचा ते ठाऊक असलेलं बरं. ही सेवाच आहे.

१७ मे, रविवार.
या वेळी दचकायचं ठरवलं होतं. दचकलो. पण खिडकीत काही दिसायच्या आधीच. ताईने पिक्चर थांबवला. म्हणाली, काय भाऊराया, पाहून झालं ना? मी म्हणालो, तिसरी नाही पाहिली. ती म्हणाली, म्हणजे दुसरी पाहिलीस. मी उशी नीट करायला लागलो. ती म्हणाली, राहू दे. पिक्चरचं काही नाही रे, मला दचकायला सोबत हवी होती.

१८ मे, सोमवार.
सुट्टी असूनही चौथी, पोस्टरवरच्या त्या यानाची, पाहिली नाही. फोन घरी ठेवून दुपारभर रस्त्याने फिरलो. मन मोठं करावं लागतं, ते केलं. ताईच्या लक्षात येईलच. आता सगळं सुरळीत.

२४ मे, रविवार.
चहा घेऊन गेलो. दार लोटलेलं. आतून एक किंकाळी, मग ताई आणि दाजी दोघांचं हसणं. थोडा वेळ बाहेरच थांबलो. चहावर साय धरली. आत गेलो तेव्हा पडद्यावर नावं सरकत होती आणि माझ्या स्टुलावर दाजी बसले होते. ताईने कप घेतला. मी विचारलं, शेवटी ते यान उतरतं का?
ती म्हणाली, तुला माहीतच असेल.